हरिदासकाकांनी थांबवलेली लढत

सोलापुरात आमच्या बुधवार पेठेत धुळाप्पाच्या चहाच्या गाड्यावर कुणीतरी मुद्दाम विषय काढायचं. बॉक्सिंगमधले अली आणि टायसन, दोघंही ऐन भरात असताना समोरासमोर आले असते तर? मग सगळ्यांच्या माना हरिदास शिवशरणांकडं वळायच्या.

काका लगेच बोलायचे नाहीत. चहा संपवायचे, मिशीवरून हात फिरवायचे आणि उलटा प्रश्न टाकायचे, "कुठला अली? त्याच्या खेळण्यावर बंदी आली त्याच्या आधीचा, का नंतरचा?"

"आधीचा."

"मग घ्या. सहासष्ट सालचा अली, अठ्ठ्याऐंशी सालचा टायसन. राऊंड पंधरा."

आणि सहा फुटी हरिदासकाका उठून उभे राहायचे. टायसन कसा गुडघ्यात वाकून आत घुसेल, अली दोराच्या कडेकडेनं त्याला कसा फिरवत नेईल, हे सगळं पायांनी दाखवायचे. रस्त्यावरच्या रिक्षा हळू व्हायच्या. सुरुवातीचे राऊंड टायसनला, एकदा अली खाली, मग टायसनचा दम संपतो आणि अली गुणांवर जिंकतो. दुसऱ्या दिवशी जो लुई विरुद्ध फोरमन. निकाल ठरलेला असायचा आणि त्यावर अपील नसायचं.

धुळाप्पा स्वतः जुना पैलवान. त्याला हे पटायचं नाही. "आरं हरिदास, जे कधी समोर आलेच न्हाईत त्यांची झुंज कशाला लावतोस?"

"जे समोर आले त्यांचा निकाल समद्यांना ठाव हाय की. त्यात बोलायला काय राहिलं?"

काकांचे वडील गिरणीत कामाला होते. हरिदास एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेले. अंगापिंडानं दांडगे म्हणून तिथल्या सुभेदारानं त्यांना बॉक्सिंगला घातलं. हेवीवेट. सेनादलाच्या स्पर्धांत पदकं मिळाली, पण देशाच्या संघात जागा मिळाली नाही. निवृत्तीनंतर सोलापुरात येऊन एका पतसंस्थेत पहारेकरी झाले आणि विहाराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळी पोरांना शिकवू लागले. बायको लवकर गेली. मुलगी धम्मप्रिया जिल्हा परिषदेत नोकरीला, बापलेक दोघंच घरात.

धम्मप्रियाला लहानपणची एक गोष्ट आठवते. टीव्हीवर ऑलिंपिकची ज्योत पेटवायला अली आला होता आणि त्याचा हात थरथरत होता. पप्पा उठले, टीव्ही बंद केला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. त्यानंतर गाड्यावर अलीचे शेवटचे दिवस त्यांनी कधीच सांगितले नाहीत. त्यांचा अली कायम तरणाच राहिला.

अभिमन्यू त्यांच्याकडं आला तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा असेल. टेंभुर्णीकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, इथं एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये कामाला. नव्वद किलोच्या वर वजन आणि तरी पाय हलके. पहिल्याच दिवशी त्याला पिशवीवर मारताना बघून काका धुळाप्पाला म्हणाले, "असला गडी मला जन्मात परत मिळायचा न्हाय."

त्याच्यावर त्यांनी जीव टाकला. पहाटे स्वतः सायकलवरून त्याच्या मागं जायचे. रविवारी घरी जेवायला बोलवायचे. कडक भाकरी, शेंगाची चटणी, मटणाचा रस्सा, आणि जेवताना एकच बोलणं, "डावा हात मारून झाला की हनुवटीपाशी परत आन. तिथं त्याचं घर हाय." राज्याचं पदक मिळालं, पुढं राष्ट्रीय झालं, तर पोलिसात खेळाडूंच्या जागेवर भरती होईल, असा अभिमन्यूचा हिशेब होता.

त्याच काळात काकांचा कप बशीवर वाजायला लागला. धम्मप्रियाला ते तिच्या आईच्या नावानं हाक मारायचे. घराची पायरी उतरताना त्यांचा पाय हवेतच थांबायचा, आणि मग चवडा जमीन शोधायचा, अंधारात शोधावी तशी. तिनं त्यांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, हे कंपवातासारखं दुखणं आहे, त्याची कारणं पुष्कळ असतात, डोक्यावर वर्षानुवर्षं बसलेला मार हे त्यातलं एक असू शकतं.

"पन डॉक्टर, मार खाल्ला तवा मला काय सुदिक झालं न्हवतं," काका म्हणाले.

"तेव्हा कळत नाही, काका. साठत जातं."

घरी आल्यावर काका म्हणाले, "अभिमन्यूला ह्यातलं काय सांगायचं न्हाय." धम्मप्रियानं शब्द पाळला.

राज्य स्पर्धा त्या वर्षी सोलापुरातच झाली. अभिमन्यू फायनलला पोचला तेव्हा आमची अर्धी पेठ हॉलमध्ये होती. मोठ्यांच्या गटात आता डोक्याला कवच घालत नाहीत. तीनच राऊंड. पहिला अभिमन्यूचा, दुसराही त्याचाच. तिसऱ्यात समोरच्याचा एक ठोसा त्याच्या कानामागं बसला. अभिमन्यू गुडघ्यावर आला आणि लगेच उठला. पंचांनी आठपर्यंत मोजलं, त्याच्या डोळ्यांत बघितलं, विचारलं. त्यानं मान हलवली, हात वर केले. लढत पुन्हा सुरू झाली. हॉल ओरडत होता. जेमतेम मिनिटभर उरलं होतं, नुसतं समोरच्याच्या अंगाला चिकटून राहिला असता तरी पदक त्याचं होतं.

आणि त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल रिंगमध्ये येऊन पडला.

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. शिकवणाऱ्यानं टॉवेल टाकला म्हणजे हार कबूल; पंचांनी लढत थांबवली आणि दुसऱ्याचा हात वर केला. अभिमन्यू वळून बघत राहिला. काका दोराला धरून उभे होते.

कपडे बदलायच्या खोलीत तो त्यांच्यासमोर आला. डोळ्यांत पाणी होतं.

"सर, मी पुढं होतो का न्हाय?"

"व्हतास."

"मग का टाकला?"

काकांचे ओठ हलले, पण शब्द जुळेनात. त्या दिवसांत घाई झाली की त्यांची जीभ अशीच अडायची. अभिमन्यूला ते ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "तुमचं डोकं ठिकाणावर न्हाय राहिलं," आणि बॅग उचलून गेला. दारात धम्मप्रिया उभी होती. तिनं ते ऐकलं.

स्पर्धेच्या डॉक्टरांनी अभिमन्यूच्या डोक्याचा स्कॅन करून घेतला. त्यात काहीच निघालं नाही. मग तर पेठेत काकांची बाजू घेणारं कुणी उरलं नाही. म्हातारा घाबरला, म्हाताऱ्यानं पोराच्या तोंडचा घास काढला, असं उघड बोलणं सुरू झालं. गाड्यावर आता एकच लढत रंगायची. टॉवेल पडला नसता तर अभिमन्यू टिकला असता का? कुणी म्हणायचं टिकला असता, कुणी म्हणायचं पुन्हा पडला असता. एकदा कुणीतरी काकांनाच विचारलं, "काका, तुमचा निकाल काय?" काका चहा तसाच ठेवून उठले. त्यानंतर ते गाड्यावर यायचे बंद झाले.

धम्मप्रियानं घरी विषय काढला. "पप्पा, स्कॅनमध्ये काही नव्हतं."

"माझ्याबी कुटं निघालं असतं तवा?" ते म्हणाले. मग बराच वेळ घेऊन, एकेक शब्द गोळा करत त्यांनी सांगितलं, "उठल्यावर त्यानं डावा पाय पुढं टाकला. तो पाय खाली टेकंना. जमीन हुडकत व्हता, प्रिया. पंचाला कसं दिसंल ते? मला रोज आपल्या पायरीवर दिसतंय."

अभिमन्यू सोलापूर सोडून टेंभुर्णीला गेला. रिंगमध्ये तो परत उतरला नाही आणि पोलिसभरतीचं राहूनच गेलं. शेडला कुलूप लागलं.

तो परत आला पुढच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, न कळवता. धम्मप्रिया काकांच्या सदऱ्याची बटणं लावत होती. काकांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि थांबत नव्हते. अभिमन्यू उंबऱ्यातच उभा राहिला.

"कधीपासून?" त्यानं तिला विचारलं.

"तुमच्या फायनलच्या आधीपासून."

तो खाली बसला. "सर, सांगितलं का न्हाय मला?"

"सांगितलं असतं तर भिऊन खेळला असतास," काका म्हणाले. बोलणं आता जड झालं होतं, पण कळत होतं. "भिऊन खेळणारा जास्त मार खातो."

मग अभिमन्यूनं विचारलंच, "मी जिंकलो असतो का?"

"व्हय."

"नक्की?"

"नक्की जिंकला असतास."

"आन आता तीच येळ परत आली तर?"

"टाकीन टॉवेल."

अभिमन्यूनं मान खाली घातली. "मला अजून पटत न्हाय, सर."

"नगं पटू," काका म्हणाले. "जेवून जा."

तो जेवला. काकांना घास नीट जमत नव्हता, तेव्हा त्यानं भाकरी चुरून रश्शात कालवली आणि ताट त्यांच्या हाताला लागेल असं सरकवलं.

त्याला ते अजूनही पटलेलं नाही. गेल्या महिन्यात मी विचारलं तेव्हाही तो तेच म्हणाला, आणि आवाजात कडूपणा होता. ट्रान्सपोर्टच्या धंद्यातच तो आता टेंभुर्णीला स्थिरावला आहे. पण दर रविवारी सकाळच्या एसटीनं सोलापूरला येतो आणि विहाराच्या मागचं शेड उघडतो. सात-आठ पोरं येतात, दोन मुलीही आहेत. पहिले कित्येक आठवडे तो कुणाला ठोसा मारूच देत नाही, फक्त डोकं वाचवायला शिकवतो. पोरं कंटाळतात, काही सोडूनही जातात. तो जाऊ देतो.

काकांना तो स्वतः घेऊन येतो. एका हातानं कोपराला धरून, हळूहळू, त्यांच्या पायांच्या चालीनं. खुर्चीवर बसवतो, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत असेल तर खुर्ची सरकवतो, आणि मग पोरांना ओळीत उभं करतो.