धावपट्टीसमोरचा घाट

मृतांना अन्न द्यावे आणि जिवंतांचे रक्षण करावे, ही दोन्ही कर्तव्ये शास्त्राने सांगितली आहेत. ती एकाच सकाळी समोरासमोर उभी ठाकली तर मागे कोणी सरावे, हे मात्र मला कोणत्याही ग्रंथात सापडलेले नाही. आमच्या गावी ती तशी उभी आहेत. नदीवरचा दशक्रियेचा घाट फार जुना. विमानतळ नंतर झाला, आणि त्याची धावपट्टी पैलतीरावर, नेमकी घाटासमोर संपते. दहाव्याच्या पिंडासाठी कावळे जमतात, आणि त्याच आकाशातून सकाळचे विमान उतरते.

विमानांच्या वाटेतून पक्षी दूर ठेवणे हे ज्यांचे काम होते, ते अधिकारी सदाशिव खरवंडीकर हृदयविकाराने गेले. उद्या त्यांचा दहावा, पौरोहित्य माझ्याकडे. त्यांचा मुलगा निरंजन आज सकाळी विचारून गेला, "शास्त्रीबुवा, घाटावरच करायचं ना?" मी म्हणालो, "घाटावरच. परंपरा आहे." हा घाट बंद व्हावा म्हणून खरवंडीकर जन्मभर झगडले होते. त्यांचाच पिंड तिथे ठेवायचा, या विचाराने मला समाधान वाटले. ते समाधान शुद्ध नव्हते.

जेवण झाल्यावर मी वामकुक्षीसाठी कलंडतो. पंखा फिरतो आहे. त्याचा आवाज हळूहळू जाड होतो, छतापलीकडे जातो, दूर कुठेतरी खाली उतरू लागतो. पापणी मिटते, आणि मी रांगेत उभा आहे.

"हातातलं ट्रेमध्ये ठेवा."

समोर खरवंडीकर आहेत. अंगावर कडक इस्त्रीचा गणवेश, पाय अनवाणी, नाकपुड्यांत कापूस. माझ्या ओंजळीत भाताचा पिंड आहे. तो मी ट्रेमध्ये ठेवतो. पट्टा त्याला यंत्रात ओढून नेतो. पडद्यावर भाताच्या आत एक कावळा दिसतो, नुसत्या हाडांचा, पंख हलवणारा.

"हे काय घेऊन निघालात?"

"तुमचंच आहे. उद्याचं."

"मला नको."

"मेल्यावरही अडवणूक सुटली नाही तुमची."

"आणि तुमचा हेका? तो तुमच्याबरोबर जळेल, की आमच्याच मागे लागणार आहे?"

पट्ट्याच्या पलीकडे घाट आहे. माझे धोतर ओले आहे. पायऱ्यांवर विमानातली आसने मांडलेली आहेत. त्यांत माणसे पट्टे बांधून निमूट बसली आहेत. काठावरचे सगळे कावळे खरवंडीकरांकडे तोंड करून बसले आहेत.

"यांना ओळखता?" ते विचारतात.

"नाही."

"मीही ओळखत नव्हतो. तीच माझी नोकरी होती."

माझा संयम सुटतो. "खरवंडीकर, यमुनेच्या दहाव्याची सकाळ आठवते? माझ्या पत्नीच्या पिंडाशी कावळा उतरला होता. चोच लागायची तेवढी बाकी होती. तुम्ही पैलतीरावरून फटाका उडवलात. एकही कावळा परत आला नाही. बाई अतृप्त गेली, असं लोक माझ्या तोंडावर म्हणाले."

"आठवतं. नेम धरून उडवला होता."

"लाज नाही वाटली?"

"विमान टेकडीपलीकडे आलं होतं. ते पोहोचण्याआधी आकाश रिकामं करायचं होतं. कावळा इंजिनात शिरला तर इंजिन बंद पडू शकतं, शास्त्रीबुवा. त्याला मंत्र कळत नाहीत."

"रडणाऱ्या माणसांच्या डोक्यावर दारू उडवायची? आधी निरोप धाडता आला नसता?"

"धाडायला हवा होता," ते कोरडेपणाने म्हणतात. "पण तुम्ही माझे निरोप नदीत सोडायचात."

खिडकीजवळच्या आसनावरून कोणी हाक मारते. "अण्णा!"

माझी मुलगी सुनीती बसली आहे. प्रवासात चुरगळलेली साडी, डोळे सुजलेले, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. त्या दिवशी ती घाटावर धावत आली तेव्हा दिसली होती तशीच. आईच्या दहाव्याला ती सकाळच्या विमानाने आली होती. हे मला नेहमीच ठाऊक होते. फटाका मला ठाऊक होता, विमानही ठाऊक होते. ही दोन्ही मनात मी कधी शेजारी ठेवली नव्हती.

"अण्णा, आईचं झालं का हो?"

मी खरवंडीकरांकडे वळतो. "ती आत आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. आत कोण आहे ते बघून फटाका उडवायचा नसतो."

पायऱ्यांखालचे पाणी काळे आणि सपाट होते, त्यावर पांढरे पट्टे उमटतात. आम्ही धावपट्टीवर उभे आहोत. ती भाताने माखली आहे. दूर एक दिवा खाली येतो आहे.

"मी तुम्हाला क्षमा करणार नाही," मी म्हणतो.

"मागितली कोणी? उद्याची जागा बदला. नाहीतर बसा माझ्या पिंडापुढे दिवस मावळेपर्यंत, नवस बोला, काय वाटेल ते करा. मी एकाही कावळ्याला शिवू देणार नाही."

"काकस्पर्शावाचून पिंड कसा सोडू?"

"मलाच विचारता? कावळा आला नाही तर तुम्ही लोक दर्भाचा करता ना? मला तोच द्या. तो उडत नाही."

ते माझी मूठ पकडतात आणि वळवतात. त्यांचा हात नदीच्या तळासारखा गार आहे. दिवा मोठा होतो, आवाज छताएवढा खाली येतो.

पंखा फिरतो आहे. ऊन खिडकीच्या गजांवर आले आहे. माझी उजवी मूठ आवळलेली आहे. ती उघडतो, तर आत दर्भाचा कावळा आहे. ओलसर, घट्ट गाठीचा, चोच नीट वळवलेली. माझ्या थरथरत्या बोटांना कित्येक वर्षांत साधी गाठही मारता आलेली नाही.

मी निरंजनला फोन लावतो. "उद्या घाटावर नको. गावाच्या दुसऱ्या अंगाला, शंकराच्या देवळामागे करू. कावळ्यांची वाट पाहायची नाही. आणि यापुढे माझ्या हातून घाटावर दहावा होणार नाही."

तो विचारतो, "बाबांना चाललं असतं?"

"ते भांडले असते," मी म्हणतो, "पण जागेवरून नव्हे."

यमुने, तू तृप्त हो. खरवंडीकर, माझा राग अजून निवलेला नाही. तरीही तुमची वाट निर्विघ्न असो. जे वर आहेत ते सुखरूप खाली उतरोत, आणि खाली जे त्यांची वाट पाहत आहेत, त्यांना ते भेटोत.