मारुतीला दिलेलं पत्रक

देव तुम्हाला आधी आठवतो, की सगळे उपाय थकल्यावर? मला तर थकल्यावरही आठवत नसे. आमच्या घरात फडताळात अंथरलेला कागद पत्रकांचा, वह्यांची कव्हरं पत्रकांची. बाबांच्या चळवळीतली उरलेली पत्रकं उलटी करून त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी मुळाक्षरं गिरवली. एका बाजूला अ-आ-इ-ई, दुसऱ्या बाजूला ‘आपला हक्क आपणच मिळवू!’ त्यातला ‘आपणच’ माझ्या हाडात मुरला होता.

त्या वर्षी आमच्या गावची सकाळची एस.टी. बंद झाली. कारण काय, तर प्रवासी मिळत नाहीत. धाकटी बहीण तालुक्याला अकरावीत होती. पुढची गाडी दुपारची, तोवर कॉलेज सुटलेलं. आईनं सांगून टाकलं, “दिवाळीपर्यंत गाडी आली तर ठीक. न्हाई तर नाव काढू. पोरीला रोज कुणाच्या गाडीवर बसवून पाठवू?”

बहीण रडली नाही. रोज सकाळी दप्तर भरून ओट्यावर बसायची आणि रस्त्याकडे तोंड करून वाचायची. ते पाहून मी पेटले. अर्ज दिले, बसस्थानकाच्या साहेबांना भेटले. प्रत्येक वेळी एकच उत्तर, “बघू.” मग मी माझं हत्यार काढलं. जालन्याला मस्तगडच्या एका छापखान्यात पत्रक छापून घेतलं. मथळा, ‘किती दिवस रामभरोसे?’ छापणाऱ्याला बजावलं, “रामभरोसे मोठं टाका, लाल टाका. झोंबलं पाहिजे.” त्यानं ‘किती दिवस’ मुंगीएवढं केलं आणि ‘रामभरोसे’ कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली बारीक अक्षरात मजकूर: सोमवारी सकाळी तालुक्याच्या बसस्थानकावर ठिय्या, माता-भगिनींनी बहुसंख्येने यावे. त्या माता-भगिनींची पत्रकं मी पारावर वाटली, म्हणजे सगळी पुरुषांना. पोरं म्हणाली, “ताई, तुम्ही फक्त आवाज द्या!”

रविवारी मी घोषणा पाठ करत होते. बहिणीनं विचारलं, “ताई, देवाला सांगितलं का?”

“देव काय गाड्यांचं वेळापत्रक लावतो?”

“मी सांगून आले. मारुतीच्या पायाशी एक पत्रक ठेवलं.”

“वा! त्यालाबी ठिय्याला बोलावलं?”

“बोलावलं. ज्यांना ज्यांना दिलं, त्यांतला तोच एक येईल असं वाटतंय.”

सोमवारी सकाळी दुधाच्या गाडीनं पोचलो, तर बसस्थानकावर आम्ही दोघीच होतो. एका पोराचा फोन आला, “ताई, कापूस वेचणीला बाया आल्त्या, निघताच न्हाई आलं.” बाकीच्यांचे फोन बंद. तरी मी खांबाला फलक बांधायला घेतला आणि ओरडले, “आमची गाडी...” बहीण बारीक आवाजात म्हणाली, “मिळालीच पाहिजे.” शेंगावाला हसला. साहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

मी ओरडत राहिले, घसा बसेपर्यंत. मग बाकावर बसले. अर्ज संपले होते, शब्द संपले होते, आता आवाजही संपला. हातात फलकाची दोरी होती, त्यामुळे हात जोडलेसुद्धा नाहीत. नुसतं मनात म्हणाले, आता तूच बघ. माझ्यानं न्हाई होत.

देव हाकेसरशी धावतो असं मी कुणाला सांगणार नाही. पण थोड्या वेळानं ओळखीचा हॉर्न वाजला. दर चतुर्थीला गावकऱ्यांना राजूरच्या गणपतीला नेणारा आमच्या गावचा टेम्पो आत शिरला, आणि त्यातून अख्खं महिला भजनी मंडळ उतरलं. टाळ, मृदंग, शिऱ्याचं पातेलं. पुढे मारुतीचं देऊळ झाडणाऱ्या मावशी.

“काय गं पोरी, मंडप कुठं हाये?”

“कसला मंडप, मावशी?”

मावशींनी कनवटीतून माझंच पत्रक काढलं. “हे काय, रामभरोसेचं भजन! काल सांजच्याला दिवा लावाया गेल्ते, तर मारुतीच्या पायाशी सापडलं. सुनेला कधी अन् कुठं तेवढंच इचारलं, अन् साऱ्या जणींना सांगून आले.”

“पण मावशी, खालचं वाचलं न्हाई का?”

“एवढं बारीक कोण वाचतं? मोठं तेवढं मी वाचलं. रामाचं नाव हाये, मंग यायलाच पाहिजे.”

बहीण हसता हसता खालीच बसली. मी बसलेल्या घशानं गाडीची गोष्ट सांगितली. मावशींनी बहिणीकडे पाहिलं. “हिची शाळा बंद पडून राह्यली? मंग भजन हितंच.”

गाड्या उभ्या राहतात तिथेच बाया गोल करून बसल्या. मृदंगावर थाप पडली. एका कंडक्टरनं टाळ मागून घेतले. साहेब तणतणत बाहेर आले, “हे काय चाललंय?”

“साहेब, बूट काढा अन् बसा. रामाचं नाव चालू हाये,” मावशी तालात म्हणाल्या.

आणि साहेबांनी खरंच बूट काढले! भजन संपल्यावर मावशींनी त्यांच्या तळहातावर शिरा ठेवला. “प्रवासी न्हाईत म्हणता ना? मोजा आम्हाला. बाजाराला आम्ही याच गाडीनं येऊ. पण पोरीची गाडी सोडा.”

तळहातावर प्रसाद असताना माणसाला ‘बघू’ म्हणता येत नाही. साहेब म्हणाले, “उद्यापासून सोडतो.” आणि सोडली. बहीण बारावी झाली. ड्रायव्हर त्या गाडीला आजही ‘रामभरोसे’ म्हणतात.

कुणी म्हणेल, ही सगळी बारीक अक्षरांची करामत. म्हणोत. मी पत्रकं अजून काढते, आणि देवाचं नाव सांगून घरी बसणाऱ्यांशी कडकडून भांडते. पण त्या बाकावर माझी ताकद संपली होती हे मला ठाऊक आहे. त्यानंतर जे आलं ते माझं नव्हतं. रामाचं नाव असलेला कागद मारुती कसा सोडेल?

तेव्हा तुमचंही काही अडलं असेल, तर ते आजच कागदावर लिहा. वाटायला निघण्याआधी पहिली प्रत देवापुढे ठेवा आणि त्याला सांगा, तूही ये. मग खुशाल घराबाहेर पडा. फक्त अक्षर मोठं काढा.