कोरी म्हटलेली डिस्क

ती डिस्क आजही डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हा मी अकोल्यात पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून खुर्चीत टेकतो न टेकतो, तोच एक तरुण विधवा समोर येऊन उभी राहिली. पिशवीत गुंडाळलेली डिस्क तिनं टेबलावर ठेवली.

"साहेब, मायं लगन याच्यात आहे. पण हे लागतच नाई."

तिचा नवरा सरकारी नोकरीत होता, अपघातात गेला. अनुकंपा तत्त्वावर नोकरी तिला मिळायला हवी होती. पण दिरानं, म्हणजे नवऱ्याच्या धाकट्या भावानं, 'भाऊ अविवाहित वारला' असं प्रतिज्ञापत्र करून ती जागा स्वतःसाठी मागितली. लग्न सासरच्यांच्या मर्जीविरुद्ध, तिच्या माहेरच्या खेड्यात, बुद्धवंदना घेऊन मोजक्या माणसांत झालेलं. नोंदणी नाही. नवऱ्याकडून दोघंच आले होते, हा दीर आणि अंजनगाव सुर्जीचा एक मित्र. मित्रानं घरच्या डिस्कवाल्या कॅमेऱ्यात सगळं घेतलं आणि डिस्क तिला दिली. माहेरच्यांची साक्ष दीर 'पढवलेली' म्हणून उडवून लावत होता. म्हणजे बाईचा सगळा भरवसा या एका डिस्कवर.

खरं सांगतो, पहिला संशय मला तिचाच आला. गावातल्या सगळ्या दुकानदारांनी डिस्क कोरी म्हणून परत केली होती. कोरी डिस्क घेऊन ठाण्यात येणारी बाई एकतर फार भोळी असते, नाहीतर फार पोचलेली.

दिराला बोलावलं. कडक इस्त्री, हसरा चेहरा. "साहेब, कोरी डिस्क दाखवून बायको बनून राह्यली हे. मी तं तिले ओयखतच नाई."

बोलण्यात कुठं फट नव्हती, आणि तेच मला खटकलं. सख्खा भाऊ नुकताच गेलेला, पण या पठ्ठ्यानं त्याचं नाव एकदाही काढलं नाही.

तो गेल्यावर मी डिस्क उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली. आतला पट्टा गडद, बाहेरचा फिका. कोरी डिस्क अशी दोन रंगांची कशी असेल? अमरावतीला आमच्या तांत्रिक शाखेकडे पाठवली. उत्तर आलं की अशा कॅमेऱ्यात चित्रण झालं की शेवटी डिस्क 'बंद' करावी लागते. ती बंद केलेली नाही, म्हणून दुसऱ्या यंत्रांना वाचता येत नाही. ज्या कॅमेऱ्यात भरली, त्यातच दिसेल.

मित्राला गाठलं. तो म्हणाला, "कॅमेरा? तो तं कवाच भंगारात देला." भंगारवाला कोण, ते मात्र आठवेना.

मग दिराला पुन्हा बोलावून चहा पाजला. म्हटलं, "डिस्क चालेल म्हणतात. फक्त तोच कॅमेरा पाहिजे. उद्या झडतीला माणसं पाठवतो."

खरा माणूस म्हणाला असता, बरं झालं, सोक्षमोक्ष लागेल. यानं विचारलं, "अन् नाई भेटला तं?"

"तर केस संपली," मी म्हणालो.

गडी तडक बस स्टँडवर. अंजनगावची गाडी पकडली, मागे आमची जीप. पोहोचलो तर मित्राच्या दारात हुज्जत चाललेली. "दे मले, फोडूनच टाकतो!" मला पाहताच दीर मागं सरला. मित्र हात जोडून पुढं आला.

"साहेब, यानंच घाबरवलं मले. म्हणे, साक्षीत अडकशीन, कोर्टाच्या चकरा मारून मरशीन." तुरीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून त्यानं कॅमेरा काढून दिला.

ठाण्यात पंचांसमक्ष कॅमेरा टीव्हीला जोडला. बाई बाकावर, दीर भिंतीशी, कॅमेऱ्यापाशी मित्र. चित्र आलं. पांढऱ्या साडीत ती, पांढऱ्या सदऱ्यात तो, दोघांच्या गळ्यात हार. आणि मधे दात काढून उभा असलेला दीर, वहिनीच्या तोंडात पेढा कोंबत होता. म्हणे ओळखत नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात नवऱ्याचा आवाज आला. कॅमेऱ्यामागच्या मित्राला तो सांगत होता, "अबे, डिस्क बंद नको करू. जागा ठेव. लेकराचं बारसंबी याच्यातच घेऊ."

"हाव, मंग काका मीच!" दीर हसत ओरडला.

म्हणजे दिराला डिस्क का लागत नाही ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याच भरवशावर तो निवांत होता. आता मात्र त्याची मान वर होईना. पुढे त्याच्यावर दोषारोपपत्र गेलं आणि बाईंना नोकरी लागली.

पण या केसनं मला जे शिकवलं, ते डिस्क पाहिली त्याच दुपारी. कार्यालयात, कोर्टात, कुठंही डिस्क चालायची तर ती बंद करणं भाग होतं. मी बाईंना म्हटलं, "एकदा बंद केली की यात पुढं काही भरता येणार नाही. मित्राला बटण दाबायला सांगू?"

त्या टीव्हीकडे बघत राहिल्या. लेकरू झालंच नव्हतं.

"करा बंद, साहेब."

नोकरीत असताना मी मुद्देमालावर पुष्कळ चिठ्ठ्या चिकटवल्या. तोवर मुद्देमाल माझ्यासाठी नुसती वस्तू असायचा. त्या डिस्कवर चिठ्ठी लावताना मात्र माझा हात थांबला, आणि पुढं प्रत्येक वेळी थोडा थांबतच राहिला.