सरोवराच्या फाटकावर दोन पासपोर्ट

सौदीत राबणारा माणूस ईदच्या सुट्टीत घरी न जाता आफ्रिकेत गेंडा बघायला गेला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? माझ्या थोरल्या भावाने फोनवर मला उधळ्या म्हटलं होतं. मी वाद घातला नाही.

तेव्हा मी यान्बूच्या एका प्लांटवर पाइपांचे वेल्डिंग तपासायचो. गावी माझे वडील कामगारांच्या संघटनेची पत्रकं छापायचे. मी वाचायला शिकलो तोच त्या पत्रकांवर. गेंड्याची कल्पना मात्र चाचांची. चाचा म्हणजे आमचे रत्नागिरीकडचे फोरमन. वीस वर्षं आखातात काढलेली, अरबी अस्खलित. कॅम्पच्या टीव्हीवर ते जनावरांखेरीज काही बघत नसत.

आमचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचे. सुट्टीला निघताना हातात पडायचे, परतल्यावर त्याच दिवशी जमा करायचे. एरवी खिशात इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. याची इतकी सवय झाली होती की नैरोबीच्या विमानतळावर व्हॅनचा ड्रायव्हर समोर येताच आम्ही दोघांनी पासपोर्ट काढून त्याच्या हातात ठेवले. तो माझ्याच वयाचा असेल. त्याने ते पुढच्या काचेखाली ठेवले.

गेंडे होते ते उद्यान लहान होतं. मधल्या सरोवराभोवती गाडीने फिरायला अर्धा दिवस पुरे. फाटकावर तिकिटं काढताना ड्रायव्हरने ते पासपोर्ट उचलले आणि इंग्रजीत विचारलं, "हे मला का दिलेत?"

"राहू दे तुझ्याकडे," चाचा म्हणाले. "परत जाताना दे."

"आणि मी घेऊन पळालो तर?"

"कंपनी वीस वर्षं सांभाळतेय माझा. अजून पळाली नाही."

तो हसला, मग थांबला. "सौदीत सगळ्यांचे असेच ठेवतात? घरकामाच्या बायकांचेही?"

"त्यांचे तर आधी," मी म्हणालो.

त्याने गाडी आत घेतली. काठावर मिठाचा पांढरा थर, त्यापलीकडे फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा, झाडाखाली माकडं. गेंडा दिसला तेव्हा चाचा म्हणाले, "टीव्हीवर मोठा वाटतो रे." ड्रायव्हरने माहिती सांगायची ती सांगितली, पण त्याचं लक्ष नव्हतं. शेवटी इंजिन बंद करून तो बोलला.

त्याची धाकटी बहीण जेद्दाला एका घरात कामाला होती. दोन वर्षांचा करार संपून आठ महिने झाले होते. पासपोर्ट मालकाकडे आहे, तो देत नाही, असं तिने एकदा चोरून फोन करून सांगितलं. याला ते पटलं नाही. स्वतःचा पासपोर्ट कुणी दुसऱ्याला कशाला देईल? तिथे कुणाशी तरी घर मांडलं असेल, अशी आईची समजूत. याने बहिणीला सांगितलं, यायचं नसेल तर येऊ नकोस, पण खोटं बोलू नकोस. त्यानंतर तिचा फोन आला नाही.

"तुम्ही तर मला ओळखतही नव्हता," तो म्हणाला, "तरी दिलेत."

माझ्यापाशी या विषयावर पानंच्या पानं भरतील एवढे शब्द होते. त्यातला एकही काढायची मला लाज वाटली. चाचांनी कागद पुढे केला. "ती राहते त्या घरचा नंबर लिही. तिचं नावही लिही."

यान्बूला परतल्यावर आम्ही पासपोर्ट जमा केले आणि संध्याकाळी कॅम्पबाहेरच्या फोनच्या दुकानात गेलो. जेद्दाच्या त्या घरी फोन लावून चाचांनी अरबीत तिच्या मालकाची, त्याच्या मुलांची, म्हाताऱ्या वडिलांची खुशाली विचारली. मग त्यांनी मुलीची चौकशी केली. नवी बाई मिळेपर्यंत ही जाणार नाही, पासपोर्ट अगदी सुरक्षित आहे, असं मालक म्हणाला. चाचांचा आवाज चढला नाही. तिच्या आईचा निरोप आहे, दोन मिनिटं द्या, शेख, एवढंच ते म्हणाले. मालकाने फोन तिला दिला.

चाचांनी रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. तुझा भाऊ भेटला, असं मी तिला इंग्रजीत सांगितलं.

"त्याला सांगा, पासपोर्ट खरंच माझ्याकडे नाही."

"त्याला आता कळलंय. तू ये म्हणतोय."

मग तिने विचारलं, "आईलाही कळलंय?" मी उत्तर देण्याआधी फोन बंद झाला.

ती घरी पोचली का, मला माहीत नाही. पुढे तो नंबर लागलाच नाही. तिच्या भावाला मी झालं तेवढं कळवलं. केनियाच्या वकिलातीला लिहिलेल्या पत्राचं उत्तर आलं नाही. मी पत्रक लिहायला बसलो तेव्हा चाचा म्हणाले, "लिही. पण ते वाचायला तिला कोण देणार?"

म्हणून हे तुमच्यासाठी. तुमच्या किंवा शेजारच्या घरात परगावची बाई कामाला असेल, तर या आठवड्यात तिला घरी फोन लावून द्या. आणि ती बोलत असताना खोलीत थांबू नका.