नानांच्या गॅरेजमधली शेगडी

आपल्या मराठी ईमेल-लिस्टवरच्या मंडळींनो, हे घाईघाईत टाइप करतेय.

नाना, म्हणजे माझे सासरे, गॅरेजमध्ये सुतारकाम करतात. पुण्याहून आमच्याकडे परदेशात आल्यापासून त्यांना थंडी वाजते म्हणून परवा मीच दाराच्या फटी जुन्या साड्यांनी बुजवल्या. आज त्यांनी पुण्याच्या सवयीने आत बार्बेक्यूच्या कोळशांची शेगडी पेटवली.

दुपारी जेवायला हाक मारली, तर उत्तर नाही. करवतही थांबलेली.

दार उघडलं. नाना स्टुलावर मान टाकून बसलेले. ओढतच बाहेर आणलं. डोळे उघडून म्हणाले, "कशाला उठवलंस गं? किती छान झोप लागली होती."

धूर नाही, वास नाही. नुसती ऊब.

आता हॉस्पिटलमध्ये त्यांना ऑक्सिजन लावलाय; डॉक्टर म्हणाले, बंद जागेत कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा विषारी वायू साठला होता. फटी बुजवताना मला किती बरं वाटलं होतं!

तुमच्याकडे आत्ता कोण दार लावून शेकत बसलंय? उठा, एक हाक मारून या.