कोपऱ्यातली फळी

सामने सगळेच बघतात. मिस्त्री सराव बघायचे. मोसम सुरू होण्याआधी तीन आठवडे कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉल संघ रोज सकाळी सातला हॉलमध्ये जमायचा आणि पावणेसातलाच मिस्त्री तिसऱ्या बाकावर येऊन बसलेले असायचे. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, संघात ना लेक ना नात. तरी एखादी पोर दोन दिवस दिसली नाही की यांचा जीव खालीवर व्हायचा.

"रंग दिलेलं कपाट कुणीही चांगलं म्हणेल गं. सांधे बघायचे तर रंगाच्या आधी बघावे लागतात," असं ते बायकोला ऐकवायचे.

"आपल्या कपाटाचं दार दोन वर्षं लोंबकळतंय," बायको म्हणायची. "त्याचे सांधे कधी बघणार? का त्यालाही चेंडू द्यायचा हातात?"

यावर मिस्त्री चपला घालून बाहेर पडायचे.

यंदाच्या पोरींबद्दलची त्यांची मतं पहिल्या दिवशीच पक्की झाली होती. कप्तान शेवटच्या वर्षाची, बुटकी, पायाला भिंगरी आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. एक डावखुरी होती, ती चेंडू टाकण्याआधी जिभेचं टोक बाहेर काढायची, आणि जीभ आत राहिली की नेम हमखास चुकायचा. हे फक्त मिस्त्रींना माहीत होतं. आणि एक नवीन पोरगी होती, इतकी उंच की मिस्त्रींनी मनातल्या मनात तिचं नाव शिडी ठेवलं. हातपाय तिचेच होते, पण तिचं ऐकत नव्हते. पहिल्या दिवशी दोन पास तिनं थेट नाकावर झेलले. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं उडी मारून रिंगजवळचा चेंडू अलगद काढला आणि पायाचा आवाजही न करता खाली उतरली. घरी जाऊन मिस्त्रींनी बायकोला ती उडी हात वर करून दाखवली आणि खांदा धरून बसले.

कोच मॅडम आवाज चढवणाऱ्यातल्या नव्हत्या. गळ्यात शिट्टी असायची, पण अकरा वर्षांत मिस्त्रींनी ती दोनदाच ऐकली होती. काही चुकलं की त्या फक्त म्हणायच्या, "पुन्हा." दहाव्यांदा चुकलं तरी त्याच सुरात, "पुन्हा." भल्याभल्या पोरी त्या एका शब्दानं रडकुंडीला यायच्या.

या संघाची एक रीत होती. सरावाच्या पहिल्या दिवशी कप्तान नव्या मुलींना पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात न्यायची आणि एकेकीला तिथं चेंडू आपटायला सांगायची. सगळीकडे कमरेपर्यंत येणारा चेंडू तिथं जेमतेम गुडघ्याशी येऊन मरायचा. नवी पोर गांगरायची, जुन्या खो खो हसायच्या. डोळ्यांना तिथं काही दिसत नव्हतं, पण त्या दोन वीत जागेला सगळ्या 'खड्डा' म्हणायच्या. मग शिकवणी सुरू व्हायची. पाहुण्या संघातली पोर चेंडू घेऊन आली की तिला गोड बोलून, म्हणजे अंगावर जाऊन, त्या कोपऱ्याकडे वळवायची. चेंडू खाली राहिला की झडप घालायची. घरच्या प्रत्येक सामन्यात दोनतीनदा तरी हे व्हायचं आणि बाहेरचे लोक म्हणायचे, यांचं नशीब जोरावर असतं.

नशीब कसलं, मिस्त्रींची चूक होती ती. चौतीस वर्षांपूर्वी ही लाकडी जमीन त्यांनीच घातली होती. फळ्यांखाली आडव्या पट्ट्या असतात. पट्टीवर फळी घट्ट बसली की चेंडू उसळतो. त्या कोपऱ्यातली एक पट्टी वीतभर आखूड कापली गेली. उद्घाटन दुसऱ्या दिवशी, नवीन लाकूड आणायला वेळ नाही. पोकळीवरून फळी ठोकली आणि मनाशी म्हणाले, आठवड्यात येऊन दुरुस्त करू. आठवड्यानं आले तर पोरी सराव करत होत्या आणि एका पोरीला कोपऱ्यातली गंमत सापडली होती. त्या वर्षी संघ पहिल्यांदा जिंकला. मिस्त्रींनी तोंडाला कुलूप घातलं. आपली चूक कुणी ओळखतं का, हे बघायला ते बाकावर येऊन बसू लागले आणि बसता बसता या पोरींच्या प्रेमात पडले. बायको सोडून हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हॉलमध्ये त्यांना मान होता. 'जमीन घालणारे मिस्त्रीकाका' म्हणून नव्या पोरींना त्यांची ओळख करून दिली जायची, आणि बाहेरच्या चपला घालून कुणी लाकडावर पाय ठेवला तर त्यांनी खुशाल खेकसावं अशी त्यांना मुभा होती.

दुसऱ्या आठवड्यात शिडी त्या कोपऱ्यात उतरली आणि मिस्त्रींनी कान टवकारले. फळी कुरकुरली होती. चेंडूंच्या धबडग्यात तो आवाज दुसऱ्या कुणाला कळला नसता. पुढच्या उडीला पुन्हा तोच आवाज, आता जरा ओलसर, आतून येणारा. लाकूड कुरकुरतं तेव्हा ते म्हातारं झालेलं असतं, पण असा आवाज करतं तेव्हा ते सुटत चाललेलं असतं. चौतीस वर्षं पोरींनी पाहुण्यांना त्याच जागी नेऊन नेऊन दाबलं होतं. आज ना उद्या फळी फुटणार आणि तिच्यात कुणाचा तरी पाय अडकणार.

जेवताना मिस्त्री ताटातला भात नुसता चिवडत होते. बायकोनं दोनदा वाढलं आणि तिसऱ्यांदा भांडंच खाली ठेवलं.

"काय झालंय ते बोला एकदाचं."

त्यांनी सांगितलं. "आता बोललो तर सगळ्यांना कळेल. इतकी वर्षं काका काका करून डोक्यावर घेतलं त्यांनी. उद्या दारातही उभं करणार नाहीत."

"आणि त्या पोरीचा पाय मोडला तर तुम्ही त्या बाकावर बसू शकाल?"

खरं सांगायचं तर मिस्त्रींना तिचा राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धवट शहाणपणा केला. कोच मॅडमना गाठून म्हणाले, "मॅडम, त्या कोपऱ्यात जरा जपून खेळवा. फळी जुनी झालीय." मॅडम हसल्या. "काका, तो कोपरा तर आमचा सहावा खेळाडू आहे. जपतोच आम्ही त्याला." आणि त्या दिवशी मुद्दाम शिडीलाच कोपऱ्यातली झडप शिकवायला घेतली. कप्तान चेंडू घेऊन यायची, शिडी तिला दाबायची, उडी मारायची. चुकलं की, "पुन्हा." मिस्त्री बाकावर बसून मोजत होते. सहावी उडी. सातवी. आठव्या उडीला फळीचं टोक केसभर वर आलेलं त्यांना दिसलं.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

"थांबा!"

मिस्त्री उठले आणि तरातरा लाकडावरून चालत निघाले. पायात चपला तशाच. ते बघूनच पोरी थिजल्या. त्यांनी शिडीला दंडाला धरून बाजूला केलं आणि त्या फळीवर स्वतः टाच मारली. फळी चरचरत दोन बोटं आत गेली.

मग ते बोलले. आखूड पट्टी, उद्घाटन, आठवडा, चौतीस वर्षं. काही लपवलं नाही. बोलताना मान वर करवेना, म्हणून सगळं त्या फळीलाच सांगितलं.

मॅडम वाकल्या आणि आत गेलेल्या फळीवरून त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "काका, मघाशी तुम्ही मला फळी जुनी झालीय एवढंच सांगितलंत. चूक तुमची आहे हे लपवण्यासाठी तुम्ही आज हिला आठ वेळा तिथं उडी मारू दिलीत."

"हो," मिस्त्री म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"दुरुस्त करून द्या. पुढचं नंतर बघू."

दोन दिवस सराव बाहेर सिमेंटच्या मैदानावर झाला. मिस्त्रींनी एकट्यानं फळ्या उचकटल्या, कुजलेली पट्टी काढली, भिंतीपासून भिंतीपर्यंत अखंड लाकूड घातलं. तिसऱ्या दिवशी चेंडू आपटून बघितला, कमरेपर्यंत आला. इतकं चोख काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि करताना त्यांना जराही आनंद झाला नाही. किल्ली शिपायाकडे देऊन ते घरी गेले. 'पुढचं नंतर बघू' म्हणजे काय, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची त्यांची छाती नव्हती. आठवडाभर सकाळी पावणेसातला ते घरातल्या कपाटाचं दार दुरुस्त करत होते. बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही म्हणजे तिलाही वाईट वाटतंय, हे त्यांना कळत होतं.

शेवटच्या दिवशी सराव सामना होता. गेल्या वर्षी ज्यांनी हरवलं तेच कॉलेज पाहुणं होतं. मिस्त्री गेले, पण बाकावर बसले नाहीत. दाराशी उभे राहिले, कुणी हाकललं तर लगेच निघता यावं म्हणून.

सामना अटीतटीचा झाला. शिडीनं पाच चेंडू रिंगवरून काढले. डावखुरीची जीभ बाहेर होती तोवर सगळं ठीक चाललं. शेवटचं अर्धं मिनिट उरलं, आपल्या पोरी एका गुणानं पुढे, आणि पाहुण्यांची एक चपळ पोर चेंडू घेऊन डाव्या कोपऱ्याकडे आली. कप्तान तिच्यासमोर होती. चेंडू नव्या फळीवर पडला आणि नेमका हाताशी आला. ती पोर कप्तानच्या बाजूनं निघून गेली, चेंडू जाळीतून पडला. एका गुणानं हरलो.

निघावं म्हणून मिस्त्री वळले, तोच कप्तान घामाघूम होऊन दाराशी आली.

"माझ्यामुळे गेलं पोरी," ते म्हणाले. "मीच घालवलं तुमचं."

"तुमच्यामुळे कसं? मी सोडली तिला." ती धापा टाकत होती. "कोपऱ्यात आली म्हणून मी पाय हलवलेच नाहीत, काका. सवयीनं वाटलं, खड्डा बघून घेईल. चार वर्षं तोच बघून घ्यायचा ना! तिथं अडवायचं कसं, ते मला येतच नाही." तिनं मनगटानं घाम पुसला. "आमच्यातल्या कुणालाच येत नाही."

मागून कोच मॅडम आल्या. त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं, मग त्या कोपऱ्याकडे.

"उद्या सुट्टी नाही," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यापासून सुरुवात. काका, सातला. आणि चपला बाहेर."

मिस्त्री जवळच्या बाकावर बसले आणि सगळ्या पोरींच्या देखत, लहान मुलासारखे, रडले.