डिसेंबरातच गेलेला माल

मान्ता बंदरातल्या बटणांच्या कारखान्यात आउरिस्तेला पिंकायला बावीस वर्षं झाली होती. तागुआ नावाच्या ताडाच्या टणक बिया उन्हात वाळवायच्या, कापायच्या, घासायच्या आणि हस्तिदंतासारख्या पांढऱ्या चकत्या जहाजाने इटलीला धाडायच्या, असा तिथला धंदा. आउरिस्तेला हिशेब बघायची. लग्न केलं नव्हतं. आई गेल्यापासून मोंतेक्रिस्ती गावातल्या घरात ती एकटीच होती. सकाळची बस, संध्याकाळची बस, आणि मधे आकडे. कामापलीकडचं बोलणं व्हायचं ते फक्त दुपारी, वाळवणाच्या अंगणामागच्या बाकावर, फिलेर्माशी.

फिलेर्मा कापणीच्या यंत्रावर होती. तिच्या धाकट्या मुलीच्या बाप्तिस्म्याला आउरिस्तेला धर्ममाता झाली, तेव्हापासून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायच्या. फिलेर्माच्या डब्यात शेंगदाण्याच्या वाटणातलं माशाचं दाट कालवण असायचं. आउरिस्तेलाचा कोरडा भात बघून ती म्हणायची, "हे काय, कोंबड्यांना टाकायला आणलंस? सरक इकडे, वाढते."

मालक लिसार्दो; तिकडे मानाने बाप्याला 'दोन' आणि बाईला 'दोन्या' म्हणतात, म्हणून सगळ्यांचा तो 'दोन लिसार्दो'. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याइतकं बारकाईने कॅलेंडर कुणी वाचत नसेल. वर्षाचा हिशेब एकतीस डिसेंबरला मिटतो. त्या वर्षाच्या नफ्यातले शंभराला पंधरा कामगारांचे, आणि हा वाटा पंधरा एप्रिलच्या आत द्यायचा, असा कायदा. करपत्रकाची मुदत मात्र कंपनीच्या नोंदणी क्रमांकातल्या नवव्या आकड्यावर ठरते. यांचा आकडा शून्य, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी, अठ्ठावीस एप्रिल. दोन लिसार्दो म्हणायचा, "देवाने मला रूप दिलं नाही, पण शून्य दिलं."

त्याची दुसरी युक्ती डिसेंबरातली. महिन्याच्या शेवटी तयार झालेला माल तो कंटेनरात भरून अंगणात उभा करून ठेवायचा आणि दोन जानेवारीला बंदरावर सोडायचा. विक्री नव्या वर्षात, नफा नव्या वर्षात, कर वर्षभर पुढे. गावातले निम्मे कारखाने हेच करायचे. डिसेंबर संपता संपता बंदराचा रस्ता ओस पडायचा आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ट्रकांना वळायला जागा नसायची. आउरिस्तेलाला यात कधी पाप वाटलं नाही. माणसं तीच, कारखाना तोच. वाटा या वर्षी नाही मिळाला तर पुढच्या वर्षी मिळेल.

त्या वर्षी नोव्हेंबरात दोन लिसार्दोने तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"फेब्रुवारीत नवी यंत्रं येतायत. कापणीवरची एकतीस माणसं एकतीस डिसेंबरला कमी करायची. पत्रं तू टाइप कर. बाहेर चकार शब्द नको."

"आणि डिसेंबरचा माल, दोन लिसार्दो?"

"नेहमीसारखा. जानेवारीत."

ती जागेवर येऊन बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं. या वेळी माणसं तीच राहणार नव्हती. चार कंटेनर भरतील एवढ्या चकत्या जे कापणार, ते नव्या वर्षात कारखान्यात नसणार. त्यांच्या घामाचा नफा पुढच्या वर्षात जाणार आणि त्यात त्यांना छदाम मिळणार नाही. यादीत सातवं नाव होतं अंचुंदिया, फिलेर्मा.

सहा आठवडे ती दुपारी बाकावर जाऊन बसत राहिली. फिलेर्मा छपरावर नवे पत्रे घालायचं बोलायची, मुलीच्या शाळेचं बोलायची. आउरिस्तेला मान डोलवायची. दोनदा शब्द ओठांवर आला आणि तिने तो घासाबरोबर गिळला.

नाताळात दोन लिसार्दो लेकीकडे ग्वायाकिलला गेला. अठ्ठावीस तारखेला सकाळी बंदरावरच्या कस्टम एजंटाचा फोन आला. दरवर्षी तो हाच प्रश्न विचारायचा आणि दरवर्षी हेच उत्तर ऐकायचा.

"दोन्या आउरि, उद्याच्या जहाजावर जागा आहे. इटलीवाले माल मागून थकले. पण तुमचा माल झोपलेलाच ना?"

जहाजाच्या कागदांवर सही करायचा अधिकार तिला कित्येक वर्षं होता. मालकाला विचारल्याशिवाय तिने तो कधी वापरला नव्हता.

"ट्रक पाठवा," ती म्हणाली.

"काय?"

"चारही. आज."

दुपारपर्यंत अंगण रिकामं झालं. तिने बिलावर तीच तारीख घातली, सही केली आणि पाणी प्यायला उठली. फिलेर्मा त्या दिवशी डबा घेऊन बाकावर वाट बघत होती; आउरिस्तेला गेलीच नाही.

एकतीसला पत्रं वाटली गेली. फिलेर्मा पत्र घेऊन थेट तिच्या खिडकीशी आली. खाली कोपऱ्यात टाइप करणारीची आद्याक्षरं होती.

"कोमाद्रे, तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून."

फिलेर्माने पत्राची घडी घातली. मग हळूच म्हणाली, "आणि रोज माझ्या डब्यातलं जेवलीस."

आउरिस्तेलाला सांगता आलं असतं की माल गेला, एप्रिलमध्ये बघ. पण खिडकीमागे माणसं उभी होती, आणि मालकाला अजून काही कळलं नव्हतं. तिने समोरची वही ओढली. फिलेर्मा निघून गेली.

दोन लिसार्दो दोन जानेवारीला परतला. अंगण बघितलं, कागद बघितले. आरडाओरडा केला नाही. तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "बावीस वर्षं मी तुला आंधळी समजत होतो."

"तारीख खरी आहे, दोन लिसार्दो. माल डिसेंबरातच तयार होता."

"तारखा मला शिकवू नकोस. अठ्ठावीस एप्रिलपर्यंत तू इथे. पत्रक भरलं की जा."

एवढ्या उशिरा नवा हिशेबनीस कुठून आणणार? ते चार महिने तो तिच्याशी बोलला नाही. कामं चिठ्ठीवर लिहून यायची. उरलेल्या कामगारांनी तर तिला मालकाचीच मानलेलं. ती चहा घ्यायला गेली की गप्पा थांबायच्या. बसमध्ये ओळखीची बाई खिडकीबाहेर बघायची. घरी आल्यावर ती रेडिओ लावायची, आपल्या आवाजाची सवय राहावी म्हणून त्याला उत्तरं द्यायची, आणि मग स्वतःलाच ओशाळून तो बंद करायची.

पंधरा एप्रिलला वाट्याचे चेक द्यायचे होते. काढून टाकलेले एकतीस जणही रांगेत आले, फारशी आशा न धरता. खिडकीशी आउरिस्तेलाच होती. फिलेर्माने चेकवरचा आकडा दोनदा वाचला. छपराचे पत्रे येऊन वर उरेल एवढा होता. ती मागच्या माणसाकडे वळून म्हणाली, "बघ रे. शेवटी म्हाताऱ्याला दया आली. देव भलं करो दोन लिसार्दोचं."

"इथे सही," आउरिस्तेला म्हणाली.

फिलेर्माने सही केली आणि पेन हातात न देता फळीवर ठेवलं.

अठ्ठावीसला पत्रक गेलं. किल्ल्या टेबलावर ठेवून आउरिस्तेला चार वाजताच्या बसने घरी आली.

आता ती घराच्या पुढच्या खोलीत लहान दुकानदारांची, मासेवाल्यांची पत्रकं भरून देते. गिऱ्हाईक ज्याच्या त्याच्या मुदतीला येतं आणि काम झालं की जातं. दोन मुदतींच्या मधे खोली रिकामी असते. जुलैत एकदा फिलेर्मा आली. तिने बसथांब्याजवळ तळणाचा गाडा टाकला होता आणि गावात पत्रकं भरून देणारं दुसरं कुणी नव्हतं.

"दोन्या आउरिस्तेला, हे भरून हवं होतं." कोमाद्रे नाही.

आउरिस्तेलाने कागद घेतले. सांगावं का? सहज सांगता आलं असतं. एजंट अजून बंदरावर आहे, त्याला विचार म्हणता आलं असतं. पण सहा आठवडे गप्प बसलेली तीच होती, हेही खरंच होतं. माल पाठवल्याच्या बदल्यात ते गप्प बसणं माफ करून घेणं तिला जमेना. तिने पत्रक भरलं.

"धाकटी कशी आहे?"

"उंच झालीय." फिलेर्मा पिशवी आवळून उठली. "पुढची तारीख कधी?"

"जानेवारीत. मी निरोप पाठवीन."

"नको. माझी मी ठेवीन लक्षात."

ती गेल्यावर आउरिस्तेलाने वही उघडली, फिलेर्माच्या नावापुढे जानेवारीची तारीख लिहिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसली. त्या दिवशी आणखी कुणी आलं नाही.